जमिनीच्या पोटातली ऊब आणि गारवा : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात घरगुती वीजबिलाविषयी लिहिताना, ‘जमिनीखाली काही मीटरवर तापमान बारमाही जवळजवळ सारखेच असते आणि परदेशांतील काही वसाहती त्याचा उपयोग घरे उबदार व गार ठेवण्यासाठी करतात’ असे एक वाक्य ओघात लिहून गेलो होतो. लेखाच्या मुख्य विषयापेक्षा या वाक्यावरच अधिक पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. सदराच्या शिरस्त्याप्रमाणे नावे गाळली असून मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरीनिमित्त आइंडहोवनला राहतो. मागच्या वर्षी नव्या इमारतीत घर घेतले. इमारतीला गॅसची जोडणीच नाही. ऊब आणि गारवा जमिनीखालून येतो, त्याला इथे ‘डब्ल्यूकेओ’ म्हणतात. नेदरलँड्समध्ये ना ज्वालामुखी ना गरम पाण्याचे झरे, मग ही उष्णता येते कुठून? उन्हाळ्यात घर तीन-चार अंशांपलीकडे गार का होत नाही? आणि सुट्टीत महिनाभर भारतात असलो तरी ठरावीक रक्कम भरावीच लागते, ती का? (आइंडहोवन, नेदरलँड्स)

उत्तर : आपल्या इमारतीखाली जे आहे त्याला खाण म्हणण्यापेक्षा पेव म्हणणे अधिक योग्य. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद साठवत असत. पेवात जेवढी हळद घालावी तेवढीच बाहेर निघते, आणि ती टिकते ती जमिनीच्या पोटातली हवा उन्हापावसाने बदलत नाही म्हणून. डब्ल्यूकेओ या तीन डच अक्षरांचा अर्थही ‘ऊब आणि गारवा यांची साठवण’ असाच होतो.

पृथ्वीच्या गर्भातील उष्णतेचा यात फारसा वाटा नाही. सर्वसाधारण भूभागात दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंश सेल्सियसने वाढते. म्हणजे शंभर मीटरवर वाढ भरते जेमतेम तीन अंश. आपल्याकडे काम करतो तो जमिनीखालचा, संथ पाण्याने भरलेला वाळूचा थर. त्या थरात एकमेकींपासून पुरेशा अंतरावर दोन विहिरी घेतलेल्या असतात. विहिरी म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतात तशा बांधीव नव्हेत, जाळीचे नळ घातलेल्या बोअर. उन्हाळ्यात ‘गार’ विहिरीतले आठ-दहा अंशांचे पाणी वर येते, पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकातून जाताना इमारतीच्या नळ्यांतील पाण्याची उष्णता घेते आणि पंधरा ते अठरा अंशांचे होऊन ‘उबदार’ विहिरीत परत जाते. हिवाळ्यात हाच प्रवास उलटा होतो. भूजल आणि आपल्या घरातील नळ्यांचे पाणी कधीच एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पत्र्यांतून फक्त उष्णता इकडची तिकडे होते. थोडक्यात, आपण जुलैत जो गारवा अनुभवता तो आपल्याच शेजाऱ्यांनी जानेवारीत घरे तापवताना मागे ठेवलेला असतो.

पंधरा अंशांच्या पाण्याने घर तापत नाही, म्हणून मध्ये हीट पंप लागतो. त्याचे गणित आपल्याकडच्या पाण्याच्या मोटरीसारखेच आहे. तळटाकीतले पाणी पहिल्या मजल्यावर चढवायचे की दहाव्या मजल्यावरच्या गच्चीत, यावर वीज ठरते. तसेच उष्णता किती अंश वर चढवायची यावर हीट पंपाची वीज ठरते. फरशीखालच्या नळ्यांना पस्तीसेक अंशांचे पाणी पुरते, त्यामुळे एका युनिट विजेत पाच युनिटांच्या आसपास उष्णता मिळू शकते. अंघोळीच्या पाण्याचे तसे नाही. साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, म्हणून ते साठ अंशांच्या आसपास न्यावे लागते आणि तिथे त्याच एका युनिटात अडीच-तीन युनिटे उष्णता निघाली तरी पुष्कळ. यावरून एक घरगुती सूचना निघते. रात्री झोपताना थर्मोस्टॅट खाली आणि सकाळी वर, ही गॅसच्या काळातली सवय येथे सोडून द्यावी. काँक्रीटची फरशी तापायला कित्येक तास घेते. ती एका तापमानाला स्थिर ठेवलेलीच बरी.

आता तीन-चार अंशांविषयी. उन्हाळ्यात आपल्या फरशीतून साधारण अठरा अंशांहून गार पाणी मुद्दामच फिरवत नाहीत, कारण त्याहून गार केले तर हवेतील बाष्प फरशीवर जमेल. माठातले पाणी ओतलेल्या स्टीलच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तोच प्रकार. नेदरलँड्सच्या उन्हाळ्यात ही मर्यादा जाचत नाही. हीच व्यवस्था जशीच्या तशी उचलून दादरला बसवली तर मात्र पंचाईत होईल, कारण मुंबईत पावसाळ्यात हवा पंचवीस अंशांच्या आसपासच बाष्प सोडू लागते. बावीस अंशांची फरशी तिथे कायम निसरडी राहील, आणि घरातील ज्येष्ठ मंडळी पहिल्याच आठवड्यात ती बंद करायला लावतील.

ठरावीक रकमेचे कारण असे की विहिरी, विनिमयक, पंप आणि नळांचे जाळे यांवरचा खर्च आधी होऊन बसलेला असतो. आपण उष्णता घ्या अथवा न घ्या, तो तीस-चाळीस वर्षांत वसूल करायचा असतो. गॅसच्या बिलात इंधनाचा हिस्सा मोठा होता, येथे भांडवलाचा आहे. आपल्याला पुरवठादार बदलता येत नाही हे खरे. म्हणूनच तेथील ग्राहक व बाजार प्राधिकरण उष्णतेच्या दराची कमाल मर्यादा दरवर्षी जाहीर करते. आपल्या करारातील स्थिर आकार त्या मर्यादेशी ताडून पाहावा, आणि गारव्यासाठी वेगळा आकार लावला आहे का हेही पाहावे. आपण एकटे नाही, एवढे सांगतो : १ जुलै २०१८ पासून त्या देशात नव्या घरांना सहसा गॅसची जोडणी दिली जात नाही, त्यामुळे हे बिल समजून घेण्याची वेळ पुष्कळांवर आली आहे.

एखाद्या रविवारी रेल्वेने हेरलेनला जाऊन यावे. दगडी कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर तिथल्या बोगद्यांत पाणी भरले. २००८ पासून ते पाणी घरे आणि कचेऱ्या यांच्यासाठी वापरले जाते. सातशे मीटरवर ते साधारण २८ अंशांचे आणि अडीचशे मीटरवर १६ अंशांचे होते. नुसती उष्णता उपसत राहिलो तर पाणी हळूहळू निवत जाईल, हे तिथल्या लोकांच्या लवकरच लक्षात आले. तेव्हा त्यांनी खाणीचे रूपांतर पेवात केले : ज्या इमारतीला उष्णता नकोशी असते तिची उष्णता जाळ्यातून ज्या इमारतीला हवी तिला जाते, आणि उरलेली तेवढी खाली साठते.

प्रश्न : जमिनीत इतकी भोके पाडल्यावर भूकंप किंवा इमारतींना तडे जाण्याचा धोका नाही का? युरोपात एका गावाला असे तडे गेल्याचे वाचल्याचे आठवते. (ठाणे)

उत्तर : आपली आठवण बरोबर आहे. ते गाव जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यातले श्टाउफेन. २००७ साली तिथल्या जुन्या नगरभवनाच्या उबेसाठी सुमारे १४० मीटरपर्यंत सात बोअर घेतल्या. खाली अनहायड्राइट या खनिजाचा थर होता आणि त्याखाली दाबाखालचे पाणी. बोअरच्या वाटेने ते पाणी वर चढून अनहायड्राइटला मिळाले, त्याचे जिप्सम झाले, आणि जिप्सम होताना हे खनिज निम्म्याहून अधिक फुगते. जमीन सुरुवातीला महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या वेगाने वर येऊ लागली आणि अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. हा दोष जमिनीतील उष्णतेचा नव्हता. कोणत्या थरातून बोअर जाणार हे न ओळखण्याचा आणि बोअरभोवतीची पोकळी नीट बंद न होण्याचा होता. पुढे उपाय केला तोही याच दिशेने : बोअरभोवती पुन्हा भराव दाबून भरला आणि खालचे पाणी उपसून पातळी उतरवली.

भूकंपाचा प्रश्न निराळा. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात पाच किलोमीटर खोल खडकात दाबाने पाणी भरून तो फोडण्याचा प्रयोग चालू असताना डिसेंबर २००६ मध्ये ३.४ प्रतीचा धक्का बसला, आणि तो प्रकल्प बंद करावा लागला. मात्र श्टाउफेनसारख्या, इमारतीखालच्या शंभर-दीडशे मीटरच्या बोअरमध्ये पाणी दाबाने खडकात भरत नाहीत. ते बंद नळीतून खाली जाते आणि वर येते. १९६७ चा कोयनेचा भूकंप मनात ठेवून कोणी कचरत असेल तर ती काळजी समजण्याजोगी आहे, परंतु तिचा संबंध या बोअरशी जोडता येत नाही.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात अनहायड्राइटची भीती सहसा नाही. भीती आहे ती गैरसोयीच्या, रोजच्या गोष्टीची : केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवायचा नळ, आखूड ठेवून आणि भोवतालची पोकळी मातीने बुजवून कंत्राटदार निघून गेला, तर गटाराचे पाणी त्याच वाटेने थेट भूजलात उतरते. ठाण्यासारख्या शहरात मी भूकंपापेक्षा याची चौकशी आधी करीन.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका आहे. आमच्या जिल्ह्यात तुरळ, राजवाडी, उन्हवरे, अरवली असे गरम पाण्याचे कितीतरी झरे आहेत. आइसलँडमध्ये अशा पाण्यावर सबंध शहर ऊब घेते, असे मुलांच्या पुस्तकात आहे. मुलांनी विचारले, ‘बाई, मग आपल्या पाण्यावर मुंबईतल्या इमारती गार का करत नाहीत?’ काय सांगू? (जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : मुलांचा प्रश्न मोठ्या माणसांच्या प्रश्नांहून सरस आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो. गरम पाण्याने गारवा करता येतो का, हे त्यांनी न सांगता गृहीत धरले आहे, आणि ते खरे आहे. अलास्कातील चेना येथे जेमतेम ७४ अंशांच्या झऱ्याच्या पाण्यावर शोषण-शीतक यंत्र चालवून बर्फाचे एक संग्रहालय उन्हाळाभर गोठलेले ठेवतात. अशा यंत्रात दाबयंत्राचे, म्हणजे कॉम्प्रेसरचे, काम उष्णता करते.

उन्हवऱ्याचे पाणीही सत्तर अंशांच्या आसपासचे. मग अडते कुठे? पहिली अडचण अशी की असे यंत्र झऱ्यातून घेतलेली उष्णता आणि खोलीतून काढलेली उष्णता, दोन्ही मिळून कुठेतरी टाकून देते, आणि ती टाकायला जवळ गार पाणी लागते. चेनाला ओढ्यातले पाणी बर्फासारखे असते. कोकणात विहिरीचे पाणीही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचे. त्यामुळे सत्तर अंशांवर यंत्र कसेबसे चालेल, ऐंशी-नव्वद असते तर गोष्ट वेगळी. दुसरी अडचण धारेची. कुंडात हात घातला की चटका बसतो, पण कुंडातून वाहून जाणारी धार पाहा : आपल्या झऱ्यांपैकी बहुतेकांचे पाणी शेताच्या पाटाएवढेही नसते. तिसरी अडचण अंतराची. आइसलँडमध्ये नेस्यावेत्लिरपासून रेक्याविकपर्यंत उष्ण पाण्याची २७ किलोमीटर लांबीची वाहिनी आहे आणि वाटेत पाणी दोन अंशही निवत नाही. तरीही तुरळ ते मुंबई हे अंतर त्याच्या कितीतरी पट भरते.

मुलांना रेक्याविकची सुरुवात सांगावी, ती त्यांना आवडेल. शहराजवळच्या ज्या गरम झऱ्यांवर बायका कपडे धुवायला जात, तेथील पाणी १९३० साली तीन किलोमीटर नळाने शहरात आणले. ज्या पहिल्या इमारतींना त्याची ऊब मिळाली त्यांत एक शाळा होती. आज त्या देशातील दहांपैकी नऊ घरे भूगर्भातील उष्णतेवर ऊब घेतात.

आणि शहराला ऊब मिळायला झरा डोळ्यांना दिसलाच पाहिजे असेही नाही. पॅरिसभोवती जमिनीवर गरम पाण्याचा मागमूस नाही, परंतु दीड ते दोन किलोमीटर खोल चुनखडीच्या थरात साधारण ५५ ते ८५ अंशांचे खारे पाणी आहे. १९६९ मध्ये मेलाँ या उपनगरी गावात ते प्रथम घरांसाठी वर आणले : एका बोअरने पाणी वर, उष्णता काढून झाली की दुसऱ्या बोअरने त्याच थरात परत. तेलाच्या किमती भडकल्यावर १९८० च्या दशकात अशा जोड-विहिरी भराभर झाल्या. मग त्या खाऱ्या, गंधकयुक्त पाण्याने पोलादी नळ कुरतडले आणि कित्येक विहिरी सोडून द्याव्या लागल्या. गंजरोधक रसायन थेट विहिरीच्या तळाशी सोडण्याची युक्ती साधल्यावर हा धंदा पुन्हा उभा राहिला. आज पॅरिस परिसरातील लाखो लोक आपल्या उंच इमारतींत या पाण्याची ऊब घेतात, आणि त्यांपैकी अनेकांना ती कुठून येते याचा पत्ताही नसेल.

आपल्या झऱ्यांखाली ज्वालामुखी नाही, हेही मुलांना सांगावे. पावसाचेच पाणी खडकाच्या भेगांतून खोलवर उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. गावांच्या नावांत ते ‘ऊन’ पाणी राहून गेले आहे : उन्हवरे, पालीजवळचे उन्हेरे, राजापूरचे उन्हाळे. ऐन पावसाळ्यात कोकम आणि मासळी वाळवायची सोय या उष्णतेवर होऊ शकेल, आणि ती मला मुंबईच्या वातानुकूलनापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आहे. त्यात वीजनिर्मितीबरोबर अशा थेट उपयोगांचाही विचार आहे.

प्रश्न : मी पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. आमच्या पुनर्विकासात १२० सदनिका होणार आहेत. विकासकाने दिलेल्या माहितीपत्रकात ‘जिओथर्मल एसी, वीजबिल निम्म्याहून कमी’ असे छापले आहे. सभेत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो भविष्यकाळ हाच, दुसरा म्हणतो ही धूळफेक आहे. आपले मत कळवावे. (पुणे)

उत्तर : दोन्ही तटांनी आधी एक हिशेब कागदावर मांडावा, मग भांडावे. मी मांडून दाखवतो. आकडे ढोबळ आहेत, आपले खरे आकडे घालून पुन्हा करावा.

एका टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॉट गारवा. प्रत्येक सदनिकेत दोन एसी धरले आणि एका वेळी निम्मे चालू असतात असे मानले, तर १२० एसी म्हणजे ४२० किलोवॉट होतात. यंत्राची स्वतःची वीजही अखेर उष्णताच होते, तेव्हा जमिनीत टाकायची उष्णता सव्वापट, म्हणजे ५२५ किलोवॉट. बोअरचा एक मीटर साधारण ५० वॉट उष्णता पचवतो, असा परदेशात वापरला जाणारा ठोकताळा आहे. म्हणजे साडेदहा हजार मीटर, अर्थात शंभर मीटरच्या १०५ बोअर. त्या एकमेकींपासून सहा मीटरवर हव्यात, नाहीतर एकमेकींनाच तापवतात. जागा लागली ३,७८० चौरस मीटर, एकराला थोडी कमी. आमच्या काळ्या पाषाणाची उष्णतावाहकता ग्रॅनाइटच्या मानाने कमीच असल्यामुळे प्रत्यक्षात बोअर वाढतील, कमी होणार नाहीत. आपल्या विकासकाने किती बोअर धरल्या आहेत ते विचारा. उत्तर ‘सहा-सात’ असे आले, तर ते बहुधा पर्जन्यजलसंधारणाच्या बोअरविषयी बोलत आहेत.

ज्यांनी बोअरची गाडी लागलेली पाहिली आहे त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मुरूम संपून पाषाण लागला की हातोड्याचा आवाज बदलतो, राखाडी भुकटीचा लोट उठतो आणि आजूबाजूच्या दोन इमारतींच्या खिडक्या धडाधड बंद होतात. हे एकशे पाच वेळा व्हायचे आहे. त्यामुळे बोअर घ्यायच्याच असतील तर जुनी इमारत पाडल्यानंतर आणि नव्या तळघराचे काँक्रीट पडण्यापूर्वी घ्याव्या लागतील. नंतर गाडी आत शिरायला जागाच उरत नाही. प्रत्येक बोअरमध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली काळी प्लास्टिकची नळी सोडून भोवती बेंटोनाइट या चिकणमातीचा भराव करतात. तिच्यातून फिरते तेच ते पाणी, त्यामुळे भूजल उपसले जात नाही. ही नळी पन्नास वर्षे टिकू शकते, पण वर तळघराच्या खोदकामात कोणी तिला टोचले तर त्या बोअरवर पाणी सोडावे लागते.

आता खरी मेख. पुण्यात दहा मीटर खोलीवर जमीन साधारण २५ ते २८ अंशांची असते. मे महिन्यातील दुपारी बाहेर ३८-३९ अंश असताना उष्णता टाकायला ही जमीन निश्चितच बरी. पण घरातले एसी चालतात केव्हा? बहुतेक घरांत रात्री साडेदहा ते पहाटे पाच. त्या वेळी पुण्याची हवा मे महिन्यातही पंचविशीच्या आसपास उतरलेली असते, म्हणजे जमिनीएवढीच. मग भिंतीवर टांगलेल्या साध्या यंत्राने काय घोडे मारले आहे? दिवसा चालणाऱ्या कचेरीला, रुग्णालयाला जमिनीचा जो फायदा मिळतो तो रात्री झोपणाऱ्या घराला मिळत नाही. ‘निम्म्याहून कमी’ हा दावा मला म्हणूनच पटत नाही.

दुसरी गोष्ट पेवाची, जी आइंडहोवनच्या उत्तरात आली आहे. तिथे हिवाळ्यात उष्णता परत काढतात. अमेरिकेत टेक्ससमधील ऑस्टिनजवळ व्हिस्पर व्हॅली नावाची साडेसात हजार घरांचे उद्दिष्ट असलेली वसाहत अशा सामाईक नळ्यांवर उभी राहत आहे, आणि तिथला उन्हाळाही कडक असतो. परंतु ऑस्टिनला घरे तापवावी लागतील एवढा हिवाळाही असतो. आपण मात्र वर्षानुवर्षे जमिनीत उष्णता भरतच राहू, काढणार कोण? काढण्याचा एकच मार्ग आपल्याकडे आहे, तो अंघोळीच्या पाण्याचा. १२० घरांत चार माणसे, माणशी ४० लिटर ऊन पाणी, वीस अंशांनी तापवलेले, असे धरले तर दिवसाला सुमारे ४५० युनिट उष्णता लागते, वर्षाला एक लाख साठ हजारांच्या आसपास. एसी वर्षातून दीडशे दिवस रोज सहा तास पूर्ण भाराने चालले, तर जमिनीत पडणारी उष्णता भरते पावणेपाच लाख युनिट. म्हणजे अंघोळीने फार तर तिसरा हिस्सा वसूल होतो. बाकीची उष्णता काढायला कूलिंग टॉवर लावावा लागेल, त्याला पाणी लागेल, आणि पुण्यात टँकरच्या बिलाविषयी सचिवांना मी काय सांगावे?

म्हणून माझे मत असे. ही धूळफेक आहे असे मी म्हणणार नाही. तंत्र खरे आहे, घर चुकले आहे. विकासक खर्च करायला तयारच असेल तर त्याच्याकडून तीन गोष्टी मागाव्यात : पश्चिमेच्या भिंतींना सावली आणि पोकळ विटांची दुपदरी भिंत, गच्चीवर उष्णतारोधक थर, आणि अंघोळीच्या पाण्यासाठी सामाईक हीट पंप. हा शेवटचा पंप हवेतूनच उष्णता घेणारा असावा; पुण्यातील हिवाळ्याची दुपार त्याला पुरेशी ऊबदार असते, त्याकरिता जमीन खणण्याची गरज नाही. प्रत्येक न्हाणीघरातील गीझरच्या जागी तो आला तर पाणी तापवण्याची वीज तिसऱ्या हिश्श्यावर येईल, आणि ही बचत बारा महिने दिसेल. त्याउपरही सभेचा कौल बोअरच्या बाजूने पडला, तर एकाच चाचणी-बोअरमध्ये दोन-तीन दिवस गरम पाणी फिरवून खडक किती उष्णता घेतो हे मोजून घ्यावे, आणि ते मोजमाप करारनाम्याला जोडल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न : आमच्या रो-हाउसच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. जमिनीत नळ पुरून त्यातून हवा घरात घेतली तर एसीशिवाय भागेल का? (नाशिक)

उत्तर : मार्च ते मे बऱ्यापैकी भागेल. गुरुग्रामजवळील ग्वाल पहाडी येथे ‘टेरी’ संस्थेच्या निवासी संकुलात जमिनीखाली चार मीटरवर सुमारे सत्तर मीटर लांबीचे असे बोगदे आहेत आणि खोल्यांना त्यांतून हवा जाते. नाशिकला एप्रिल-मे महिन्यांतील दुपारची चाळीस अंशांची हवा पुरेशा लांब नळातून आली तर तिशीच्या आसपास उतरू शकते. पंख्याखाली ती सुखाची वाटते. रो-हाउसच्या मागे सत्तर मीटर सरळ लांबी मिळणार नाही, म्हणून एकच जाड नळ न घेता बेताच्या जाडीचे दोन-तीन नळ शेजारी-शेजारी, निदान तीन मीटर खोल, वळवून घालावेत. पावसाळ्यात मात्र नळात पाणी सुटते आणि घरात कुबट वास येतो. तेव्हा नळांना घरापासून दूर जाणारा उतार द्यावा, सखल टोकाला उपशासाठी झाकणाची छोटी टाकी ठेवावी, बाहेरच्या तोंडाला उंदीर जाणार नाही अशी जाळी लावावी, आणि जूनच्या पहिल्या सरीबरोबर घराकडची झडप बंद करून ती दिवाळीनंतर उघडावी.